आत्याच्या ग्रंथाला निळं कातडं

आत्याने माझ्याकडे फक्त पुठ्ठा मागितला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात तिची काही चूक सापडते का, हे मी बरेच दिवस शोधलं आणि सापडली नाही.

बुद्ध पौर्णिमा होऊन गेली होती. मी इंझोरीला तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने एका जुन्या ओढणीत गुंडाळलेला धम्माचा ग्रंथ माझ्यासमोर ठेवला. आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागतो, आणि पुढचे तीन महिने गावच्या विहारात तो ग्रंथ रोज थोडाथोडा वाचतात. आत्याच्या प्रतीची पाठ उकलली होती. पानं बाहेर डोकावत होती, बसच्या खिडकीतून पोरं डोकावतात तशी.

"पुठ्ठा लावून दे, बाबू. पानं हालली नाई पाह्यजे. बाकी काई करू नोको."

शेवटचं वाक्य तिने उगाच म्हटलं नव्हतं. ती मला लहानपणापासून ओळखते.

मी मंगरूळपीरला सरकारी कचेरीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात चामड्याच्या वस्तू करतो. मोबाईलवर बघून शिकलो. आतापर्यंत केलेल्या वस्तूंमध्ये एक चष्म्याचं घर आहे, ज्यात चष्मा जातो पण निघत नाही. एक कमरपट्टा आहे, ज्याची भोकं बक्कलाच्याच बाजूला पडली. तो मेहुण्याला दिला. तो आजही तो पट्टा सुतळीने बांधतो आणि माझ्यासमोर मुद्दाम शर्ट खोचतो. शिवाय सगळ्या वस्तू एकाच रंगाच्या, गुळाच्या ढेपेसारख्या. बायको म्हणते, "तुमच्या कपाटात पाह्यलं का असं वाटते, पावसात भिजलेलं दुकान हाय."

एवढा कलाकार माणूस पुठ्ठ्यावर कसा थांबेल?

त्यात त्या वर्षीचं वाचन साधं नव्हतं. पहिल्या दिवसाचं वाचन गावात कायम गुरुजी करायचे. गुरुजी म्हणजे रिटायर झालेले शिक्षक, आवाज खणखणीत, आणि ग्रंथ जवळजवळ पाठ. त्या वर्षी विहारातल्या बायांनी हट्ट धरला, पहिल्या दिवशी आत्या वाचेल. आत्या वाचायला शिकली ती नातवंडं झाल्यावर, साक्षरतेच्या वर्गात. ती छान वाचते, पण फक्त आपल्याच प्रतीतून. कारण त्या प्रतीत तिने पेन्सिलने उभ्या रेघा मारून ठेवल्या आहेत. एक रेघ आली की श्वास घ्यायचा. दोन आल्या की थांबायचं आणि लोकांकडे बघायचं. दुसऱ्या कुणाची कोरी प्रत हातात दिली की ती पहिल्या ओळीतच धापा टाकायला लागते. म्हणजे तीच प्रत, पौर्णिमेच्या आत, धड अवस्थेत तिच्या हातात पाहिजे होती. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी ठरवलं की ग्रंथाला निळ्या कातड्याचं कव्हर घालायचं आणि वर पिंपळाचं पान उठवायचं.

इथे चामड्याची थोडी भानगड सांगावी लागेल. पान उठवायचं तर बाजारात मिळणारं नेहमीचं चामडं चालत नाही. ते ठसा धरत नाही, रबरासारखं परत उसळून येतं. ठसा धरतं ते जुन्या रीतीने, बाभळीच्या सालीत नाहीतर हिरड्याच्या पाण्यात मुरवून कमावलेलं कातडं. ते ओळखायची युक्ती मी मोबाईलवर पाहिली होती. नख दाबायचं. खूण राहिली तर सालीचं, नाही राहिली तर दुसरं.

मंगरूळपीरच्या चपलांच्या दुकानात मी निळं चामडं मागितलं तेव्हा दुकानदाराने रेक्झिनचा गठ्ठा काढला. म्हणाला, यात सत्रा निळे हायत, चामडं कायले पाह्यजे? मग मी एसटीने अकोल्याला गेलो. तिथे एका गल्लीत चामड्याचा व्यापारी आहे. त्याच्याकडे लाल होतं, पिवळं होतं, पोपटी होतं, लग्नाच्या मांडवासारखं दुकान भरलेलं. मी एकेका कातड्याला नख मारत सुटलो.

"ओ भाऊ," तो म्हणाला, "हे का दुधीभोपळा हाय? कायले नखं मारून राह्यले मालाले?"

"सालीचं आहे का पाहतो."

"मंग मले पुसा ना. मी इथं कायले बसलो?"

"सालीचं कोणतं?"

"हे सारंच सालीचं समजा."

समजा! मी पुन्हा नख मारलं. खूण राहिली नाही. त्याला दाखवलं, तर त्याने माझंच नख पाहिलं आणि म्हणाला, नख नरम हाय तुमचं, जेवणात दूध घेत जा.

शेवटी खूण धरणारं एक कातडं सापडलं. ते पिवळं होतं. दुसरं लाल. निळं मात्र एकही नाही. का नाही, हे त्यालाही सांगता येईना. आधी म्हणाला मागणी नसते. मग म्हणाला निळा रंग महाग. मग म्हणाला, निळं जनावर असतं का कुठं? तो ठाम बोलायचा, आणि प्रत्येक वेळी वेगळं ठाम बोलायचा. मी मान डोलवत राहिलो. बाहेर पडेपर्यंत मला तिन्ही कारणं पटली होती. त्याने दक्षिणेतून मागवून द्यायचं कबूल केलं आणि फोटो पाठवला. फोटोत इतकं सुंदर निळं होतं की मी तो बायकोला दाखवला, ऑफिसात दाखवला, आमच्या जयंतीच्या झेंड्याच्या फोटोशेजारी धरून पाहिला. तंतोतंत.

आत्याचा फोन येऊ लागला.

"झालं का?"

"होऊन राह्यलं, आत्या."

"पुठ्ठा लावाले इतके दिस?"

"थोडं स्पेशल करतो आहे."

ती म्हणाली, "बाबू, मले घाबरवू नोको."

पार्सल आलं. कातडं खरंच निळं होतं. जरा गडद, पण निळं. मी नख दाबलं, खूण राहिली. त्या आनंदात मी व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "आता दोन दिवस उन्हात टाका. रंग पक्का होते."

मी गच्चीवर दोरीला कातडं लटकवलं आणि कचेरीत गेलो. संध्याकाळी बघतो तर काहीतरी बदललं होतं. काय, ते सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सांगता आलं, पण मी सांगितलं नाही. ते बायकोने सांगितलं.

"हिरवं झालं हे."

"निळंच आहे. उजेडामुळे तसं दिसतं."

"मंग उजेड विझवा," ती म्हणाली.

मी शेजाऱ्यांना बोलावलं. त्यांनी एकदा कातड्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "दर्ग्यावर काई चढवाचं हाय का?"

आमच्याकडे रंग म्हणजे नुसता रंग नसतो, हे मी विसरलोच होतो. आमच्या गल्लीत माणसं दुरूनच झेंडा बघून मिरवणूक कुणाची ते सांगतात. आणि माझ्या दोरीवर असा एक रंग लटकत होता जो कुणाचाच नव्हता. सकाळी निळा वाटायचा, दुपारी हिरवा, आणि दिवेलागणीला मी बघायचंच सोडलं. पुढे कळलं ते असं : सालीत कमावलेलं कातडं मुळात गुळासारखं पिवळसर. त्यावर पातळ निळा चढवलेला. ऊन लागलं की खालचा पिवळा गडद होतो, आणि निळ्या-पिवळ्याचं काय होतं ते चौथीच्या चित्रकलेत शिकवलेलं असतं. चौथीत मी हुशार होतो.

नवीन मागवायला वेळ नव्हता. मी स्वतःची समजूत काढली, की पिंपळाचं पान उठवलं की लोक पानाकडे बघतील, रंगाकडे नाही. आणि पान तसंही हिरवंच असतं. पान उठवायला कातडं ओलं करावं लागतं. मी ते अंगणातल्या लोखंडी घमेल्यात भिजवलं, ज्यात कधीकाळी घर बांधताना सिमेंट कालवलं होतं. थोड्या वेळाने पाहतो तर जिथे जिथे घमेल्याचा तळ लागला होता, तिथे तिथे शाई सांडल्यासारखे काळे डाग. मी घाबरून घासलं. डाग पसरले.

बायकोने लिंबू आणलं. कपड्यांवरचा लोखंडाचा डाग लिंबाने जातो, हे तिला माहेरापासून ठाऊक. काळा डाग खरंच गेला. त्याच्यासोबत हिरवाही गेला, निळाही गेला, आणि मध्ये एक फिकट ठिपका उरला, कोड आल्यासारखा. आम्ही दोघं घमेल्याशेजारी उकिडवे बसून त्याकडे बघत होतो.

"आता कोन्ता रंग म्हणाचा याले?" तिने विचारलं. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. तिला खरंच माहिती हवी होती.

आणि माझ्या डोक्यात त्याच वेळी भलतंच काहीतरी शिरलं. आमच्या आज्याने, म्हणजे आत्याच्या वडलांनी, दीक्षा घेतली त्या वर्षी गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. कातडं घरातून गेलं ते गेलं. आमच्या घरात त्याचा विषयही निघत नसे. मधल्या पिढीने नोकऱ्या धरल्या, भिंतीवर घड्याळं लागली, आणि तिसऱ्या पिढीत मी ते कुरिअरने परत मागवलं. आजवर हे मला एकदाही सुचलं नव्हतं. चष्म्याच्या घराच्या वेळीही नाही, पट्ट्याच्या वेळीही नाही. आता ग्रंथाला घालायची वेळ आली तेव्हा सुचलं. हे चांगलं की वाईट? मी अभिमान बाळगायचा की लाजायचं? तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"पुठ्ठा लावला का?"

"लावला," मी म्हणालो. ते खोटं होतं, म्हणून मी लगेच लावायला बसलो.

आधी ओल्या कातड्यावर पिंपळाचं पान उठवलं, आणि ते वाळल्यावर मी ग्रंथाची पानं जाड दोऱ्याने कातड्यालाच शिवून टाकली. पानं हलली नाही पाहिजेत असं ती म्हणाली होती ना? आता हलवायची तर कातडं फाडावं लागलं असतं. मला त्या टाक्यांचा फार अभिमान वाटला. माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पक्कं झालं होतं.

पौर्णिमेच्या सकाळी मी आणि बायको गाडीवर इंझोरीला पोचलो. विहारात पांढरीशुभ्र गर्दी. बायांच्या पांढऱ्या साड्या, पुरुषांचे पांढरे सदरे. आत्या दारातच उभी होती. तिने जयभीम केला न केला आणि दोन्ही हात पुढे केले. मी पिशवीतून ग्रंथ काढून दिला.

तिने तो उलटा-सुलटा पाहिला. पिंपळाच्या पानावरून बोट फिरवलं. मग नाकाजवळ नेला.

"हा वास मले माईत हाय," ती म्हणाली.

एवढंच. हसली नाही, रागावली नाही. मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होतो. तिने ग्रंथ उघडून पानं तपासली, रेघा जागेवर आहेत का पाहिलं, आणि आत गेली. समोर बुद्धमूर्ती, तिच्यापुढे पांढऱ्या कापडाचं टेबल, त्यावर ग्रंथ ठेवून वाचायची पद्धत. वंदना आणि पंचशील झाल्यावर आत्या टेबलाकडे निघाली आणि गुरुजींनी हात आडवा केला.

"थांबा बाई. हे काय गुंडाळलं?"

"पोट्ट्यानं कव्हर घातलं."

"कायचं?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कातडं आहे गुरुजी. पण सालीत कमावलेलं." जणू त्याने सगळं माफ होणार होतं.

"आता पंचशील घेतलं आपण. पहिलं शील कोन्तं?" गुरुजींनी विचारलं. वर्गात विचारायचे तसंच. "जीव घ्याचा नाई. अन् बुद्धासमोर कातडं ठेवाचं? आपल्या बापजाद्यांनी जे टाकून देलं, थे विहारात आणाचं?"

एक बाई मागून म्हणाली, "तुमच्या कमरेचा पट्टा कायचा हाय गुरुजी?"

"पट्टा मी कमरेले बांधतो. बुद्धासमोर ठेवत नाई."

मला गुरुजींचं पटलं. मग त्या बाईचं पटलं. मग पुन्हा गुरुजींचं पटलं. दुसरा एकजण म्हणाला, "कातड्याचं सोडा, पहिले हे हिरवं काहून हाय ते सांगा." त्यावर तिसरा म्हणाला, हिरवं कुठं, काळं हाय. माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला.

"सोपं हाय," गुरुजी म्हणाले, आणि खरं सांगतो, त्यांच्या बोलण्यात कुरघोडी नव्हती. "कव्हर काढा अन् ठेवा ग्रंथ."

मी तोंड उघडलं. "निघत नाही ते. शिवलेलं आहे. काढलं तर पानं सुटतील सगळी."

गुरुजींनी आपली प्रत उचलली, खाकी कागदाचं नीटनेटकं कव्हर असलेली, आणि आत्यापुढे धरली. "यातून वाचा. तोच ग्रंथ हाय."

आत्याने ती घेतली नाही. गुरुजींच्या प्रतीत रेघा नाहीत, हे तिला माहीत, मला माहीत, बाकी कुणालाच नाही. आणि इतक्या लोकांसमोर ती ते सांगणार नाही, हेही मला माहीत. तिची मान खाली गेली. बाया कुजबुजल्या. मी एकदा गुरुजींकडे पाहत होतो, एकदा माझ्या त्या पक्क्या टाक्यांकडे. बायकोने मला कोपर मारलं, पण काय करायचं ते तिनेही सांगितलं नाही.

मग आत्या म्हणाली, "टेबलावर नाई ठेवत मी."

"मंग?"

"खाली बसतो. माह्या मांडीवर ठेवतो. बुद्धासमोर मी बसून राह्यली ना, कातडं नाई. माह्या मांडीवर काय हाय थे माह्या जिम्मेदारीवर."

आणि कुणी काही म्हणायच्या आत ती टेबलाच्या अलीकडे मांडी घालून बसलीसुद्धा. ग्रंथ उघडला. गुरुजी उभे होते. बसू की नको, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी तेही बसले, पण जरा तिरके.

आत्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळी अडखळत. तळहाताला घाम सुटला होता, तो ती कातड्यालाच पुसत होती. मग पहिली रेघ आली असावी. ती थांबली, श्वास घेतला. पुढे आवाज मोकळा झाला. दोन रेघांपाशी ती मान वर करून लोकांकडे बघायची, आणि लोक ताठ बसायचे. तिसऱ्या की चौथ्या वेळी तिने मान वर केली, तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई एकदम म्हणाली, "अवं माय! हात पाह्य तुहे!"

आत्याने हात पाहिले. बोटं निळी झाली होती. लख्ख निळी, झेंड्याच्या रंगाची. पानाच्या कोपऱ्यांवर, जिथे जिथे तिने पान उलटलं होतं, निळा अंगठा. मांडीवरच्या पांढऱ्या साडीवर आख्ख्या ग्रंथाचा निळा चौकोन. जो निळा मी अकोल्यात शोधला, दक्षिणेतून आणला, उन्हात घालवला आणि लिंबाने धुतला, तो कातड्यावर सोडून बाकी सगळीकडे आला होता. कातडं हिरवंच होतं. त्याच्या खाली पिवळं होतं ना. साडीच्या पांढऱ्यात पिवळं काही मिसळलेलं नव्हतं.

हे मी आता शहाणपणाने सांगतो आहे. तेव्हा मी नुसता आ वासून बसलो होतो. वाटलं, साडी गेली, ग्रंथ गेला, आणि आता मीही जाणार.

"निळाच हाय व्हय हा," गुरुजी पुटपुटले. त्यांचा सूर तक्रारीचा होता की दुसरा कुठला, मला अजून कळलेलं नाही.

आत्याने हात पदराला पुसले, म्हणजे पदरही गेला, आणि म्हणाली, "आता मधात बोलू नोका कोनी." मग पुढच्या रेघेपर्यंत वाचलं, आणि त्याच्या पुढच्या. त्या दिवशीचा भाग पूर्ण संपवला. लोकांनी 'साधु, साधु' म्हणत साधुकार दिला. गुरुजींनीही दिला, तोच खणखणीत आवाज.

नंतर मी तिच्याजवळ गेलो. माफी मागायची की कौतुक करायचं, हे न ठरवताच गेलो.

"आत्या, मी घरी नेतो हे. रात्रीतून काढून साधा पुठ्ठा घालून आणतो."

"पुठ्ठा नोको." ती कातड्याची कड उचकटून आतली बाजू बघत होती. आतून ते रंगवलेलंच नव्हतं. साधं, खरबरीत, गव्हाळ. तिने त्यावरून निळं बोट फिरवलं. "हे उलटं करता येते का?"

"उलटं केलं तर रंग आत जाईल."

"जाऊ दे."

"पान पण आत जाईल. पिंपळाचं."

"थे बी जाऊ दे. मले माईत हाय थे तथी हाय म्हून." मग कातडं चिमटीत धरून म्हणाली, "माह्या बाच्या हाताले असंच लागे हे. कोरं."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला ते हवंहवंसं वाटत होतं की नकोसं, मला काही केल्या कळेना. बहुधा तिलाही कळत नसावं. गुरुजी ऐकत होते. मला वाटलं, आता पुन्हा सुरू होणार. पण ते फक्त म्हणाले, "टेबलावर नाई ठेवाचं, मात्र," आणि आत्या म्हणाली, "नाई ठेवत."

"बरं, मग मी घरी नेऊन..." मी ग्रंथाला हात घातला.

तिने ग्रंथ छातीशी ओढला. "तुह्या घरी नाई जात हा आता. इथंच बस अन् इथंच कर."

तर मी विहाराच्या ओट्यावर बसलो. बायकोने कुठूनतरी ब्लेड आणलं. भोवती बाया जमल्या, प्रत्येकीकडे एक सल्ला. माझे पक्के टाके एकेक करून मी कापू लागलो, आणि समोर बसलेल्या आत्याने दोन्ही निळ्या हातांनी पानांचा गठ्ठा घट्ट धरून ठेवला होता.

"हं, खेच आता," ती म्हणाली. "हळू. हळू म्हणतलं ना तुले!"